हप्ता परवडतो, पण पहिली रक्कम जमत नाही: स्वतःच्या घराच्या वाटेवर आपली कुटुंबे कुठे अडतात?

मुंब्रा असो, कोंढवा असो, मालेगाव असो की मिरज, भाड्याच्या घरात राहणाऱ्या कुटुंबांची तक्रार जवळपास एकच असते. दर अकरा महिन्यांनी नवा करार, दर वेळी वाढलेले भाडे, वर डिपॉझिट आणि एजंटची दलाली. मुलांची शाळा एका मोहल्ल्यात आणि घर दुसऱ्या मोहल्ल्यात. ‘एवढे भाडे भरतोच आहोत, तर बँकेचा हप्ताच का भरू नये?’ हा प्रश्न अशा प्रत्येक घरात कधी ना कधी निघतो.

प्रश्न रास्त आहे. महिन्याला १२-१५ हजार भाडे न चुकता भरणारे कुटुंब तेवढाच किंवा थोडा जास्त हप्ताही भरू शकते. मग गाडी अडते कुठे? आमच्या मते ती दोन ठिकाणी अडते. एक म्हणजे घर घेताना एकरकमी लागणारी रक्कम, म्हणजे डाउन पेमेंट आणि त्यावरचा खर्च. दुसरे म्हणजे कागद. सरकारी योजना, बँका, म्हाडाची सोडत, सगळ्यांचे दरवाजे कागदाने उघडतात. ‘घरासाठी सरकार पैसे देतंय’ अशा बातम्या व्हॉट्सअॅपवर फिरत राहतात, पण ते पैसे कोणाला, कधी आणि कशाच्या बदल्यात मिळतात हे फार कमी जणांना ठाऊक असते. या लेखात त्याचाच हिशेब मांडत आहोत.

३० लाखांच्या घराला हातात किती हवेत?

समजा, शहराच्या कडेला ३० लाखांचा वन बीएचके फ्लॅट पाहिला. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के कर्ज देऊ शकते. ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ही मर्यादा ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के आहे. पण ही कमाल मर्यादा आहे, हक्क नाही. उत्पन्नाचा पुरावा कमकुवत असेल तर बँक ७५-८० टक्क्यांवरही थांबते.

आपण २५ लाखांचे कर्ज मिळाले असे धरू. म्हणजे ५ लाख स्वतःचे. इथेच बहुतेकांचा हिशेब संपतो आणि इथेच तो चुकतो. पुणे, ठाणे, नागपूर यांसारख्या शहरांत मुद्रांक शुल्क आणि त्यावरचे अधिभार मिळून ७ टक्के होतात, म्हणजे २ लाख १० हजार. नोंदणी शुल्क ३० हजार. बांधकाम सुरू असलेले परवडणाऱ्या गटातले घर असेल तर १ टक्का जीएसटी, आणखी ३० हजार. झाले ७ लाख ७० हजार. बँकेची प्रोसेसिंग फी, वकील, दलाली, सोसायटीची वर्गणी आणि सामान हलवण्याचा खर्च धरला की आकडा ८ लाखांच्या पुढे जातो.

लक्षात घ्या, मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च बँक साधारणपणे घराच्या किमतीत धरत नाही. १० लाखांपर्यंतच्या घराला तेवढी सवलत आहे, पण आज शहरात त्या किमतीत घर मिळते कुठे? म्हणून ‘दहा टक्के जमवले की घर’ हे वाक्य अर्धवट आहे. प्रत्यक्षात किमतीच्या पाव हिश्शाच्या आसपास रक्कम हातात हवी.

एक बचत मात्र सगळ्यांनी ध्यानात ठेवावी. महाराष्ट्रात राहते घर फक्त महिलेच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. आपल्या उदाहरणात सरळ ३० हजार रुपये. ही सवलत २०२१ पासून आहे, आणि असे घर १५ वर्षे पुरुषाला विकता येणार नाही ही जुनी अटही २०२३ मध्ये निघाली. घर आई-बायकोच्या नावावर होते ते वेगळेच. तलाक किंवा वैधव्य आले तर डोक्यावर छप्पर राहील याची ती हमी आहे. तिचे मोल ३० हजारांपेक्षा कितीतरी जास्त आहे.

सरकारी मदत येते, पण उशिरा

पंतप्रधान आवास योजना (शहरी) चा दुसरा टप्पा सप्टेंबर २०२४ पासून सुरू आहे. पाच वर्षांत देशभरातील १ कोटी शहरी कुटुंबांना मदत हे त्याचे उद्दिष्ट. त्यात चार वाटा आहेत: स्वतःच्या जागेवर घर बांधणे, भागीदारीतून उभारलेल्या प्रकल्पात घर घेणे, परवडणारे भाड्याचे घर आणि गृहकर्जावर व्याज अनुदान.

व्याज अनुदानाच्या अटी अशा. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत. घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत, चटई क्षेत्र १२० चौरस मीटरपर्यंत. कर्ज १ सप्टेंबर २०२४ नंतरचे असावे. पहिल्या ८ लाखांच्या कर्जावर १२ वर्षांपर्यंत ४ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार. ही रक्कम एकदम मिळत नाही. ती पाच वार्षिक हप्त्यांत येते, म्हणजे वर्षाला साधारण ३६ हजार. आणि तेही कर्ज चालू असेल आणि निम्म्याहून जास्त मुद्दल बाकी असेल तरच. घाईने कर्ज फेडून टाकणाऱ्याला पुढचे हप्ते मिळत नाहीत.

२०१५ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या टप्प्यात अल्प उत्पन्न गटाला २ लाख ६७ हजारांपर्यंतचे अनुदान एकदाच कर्ज खात्यात जमा होत असे, त्यामुळे हप्ता सुरुवातीलाच हलका व्हायचा. ती योजना मार्च २०२२ मध्ये बंद झाली. आजही काही एजंट जुना आकडा सांगून फ्लॅट विकतात. ‘पावणेतीन लाख सरकार देणार’ असे कोणी म्हणाले तर समजून जा की माहिती जुनी आहे किंवा हेतू बरा नाही.

दोन्ही टप्प्यांत एक गोष्ट मात्र समान आहे: मदत मिळते ती घर घेतल्यानंतर. ज्या दिवशी ८ लाख हवे असतात त्या दिवशी सरकारकडून एक रुपयाही येत नाही. पहिली रक्कम जमवणे ही जबाबदारी पूर्णपणे कुटुंबावर टाकली आहे. ज्यांच्याकडे वडिलोपार्जित जमीन, सोने किंवा पक्की नोकरी आहे त्यांना हे जमते. यंत्रमागावर, गॅरेजमध्ये, फळांच्या गाडीवर कमावणाऱ्याला ते सर्वांत अवघड जाते. आणि योजना तर त्याच्याच नावाने आहे.

पात्रतेबद्दलचे दोन गैरसमजही दूर करायला हवेत. पहिला: ‘गावी अब्बांचे घर आहे, म्हणून आपल्याला मिळणार नाही.’ योजनेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुले. या व्यक्तींच्या नावावर देशात कुठेही पक्के घर नसावे, अशी अट आहे. वडिलांच्या नावावरचे रत्नागिरीचे घर विवाहित मुलाचे धरले जात नाही. मात्र वारसा नोंद होऊन तुमचे नाव लागले असेल तर अर्जापूर्वी नीट विचारून घ्या, खोटे प्रतिज्ञापत्र देऊ नका. दुसरा: ‘अशा योजना आपल्यासाठी नसतात.’ योजनेला धर्माची अट नाही. उलट, विधवा, अपंग, अनुसूचित जाती-जमाती यांच्याबरोबर अल्पसंख्याकांकडेही विशेष लक्ष द्यावे असे मार्गदर्शक सूचनांत लिहिलेले आहे. गेल्या २० वर्षांत दुसऱ्या सरकारी घरकुलाचा लाभ घेतलेला नसावा, एवढे मात्र पाहावे लागते.

कागद नसल्याची किंमत: ११ लाख

आता सर्वांत महत्त्वाचा हिशेब. दोन कुटुंबे धरा. दोघांची कमाई सारखी, महिना ४५ हजार. दोघांना २० वर्षांसाठी २० लाखांचे कर्ज हवे. पहिल्याकडे पगाराची स्लिप किंवा तीन वर्षांचे आयकर विवरणपत्र आहे, त्याला बँकेकडून समजा साडेआठ टक्क्यांनी कर्ज मिळाले. हप्ता साधारण १७,३५६ रुपये. दुसरा रोखीत कमावतो, खात्यात काही दिसत नाही. बँकेने नाही म्हटले, म्हणून तो खासगी गृहवित्त कंपनीकडे गेला आणि १२ टक्क्यांनी कर्ज घेतले. हप्ता २२,०२२ रुपये.

फरक महिन्याला ४,६६६ रुपयांचा. २० वर्षांत ११ लाखांहून जास्त. सरकारचे अनुदान जास्तीत जास्त १ लाख ८० हजार. म्हणजे कागद नसल्याचा भुर्दंड अनुदानाच्या सहापट आहे! आपण अनुदानाच्या मागे धावतो आणि या ११ लाखांकडे पाहतही नाही.

दोष सगळा आपलाच आहे असे नाही. काही बँका मुस्लिम वस्त्यांना ‘निगेटिव्ह झोन’ मानून तिथे कर्ज द्यायला कचरतात, याची नोंद २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात आहे. पत्ता ऐकून फाइल बाजूला ठेवली गेल्याचा अनुभव आजही लोक सांगतात. अशा वेळी तोंडी नकार घेऊन परत येऊ नये. अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी, नकाराचे कारण लेखी मागावे. शाखेने दाद दिली नाही तर बँकेच्या तक्रार विभागाकडे आणि ३० दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला पैसे लागत नाहीत.

पण जे आपल्या हातात आहे ते तरी आपण करतो का? पहिली गोष्ट नावाची. आधारवर ‘मोहम्मद’, पॅनवर ‘मोहं.’, शाळेच्या दाखल्यावर ‘महंमद’ आणि निकाहनाम्यावर ‘मुहम्मद’. कुठे ‘शेख’ आधी, कुठे शेवटी. लग्नानंतर बायकोचे नाव एका कागदावर वडिलांच्या नावासह, दुसऱ्यावर नवऱ्याच्या. आपल्याकडे हे घराघरात आहे आणि ऐन वेळी कर्जाची फाइल याच कारणाने महिनोन्‌महिने पडून राहते. घर घ्यायचे ठरवण्याआधीच आधार, पॅन, बँक पासबुक आणि मतदार ओळखपत्रावरचे नाव एकसारखे करून घ्या. गरज पडली तर राजपत्रात नाव नोंदवा.

दुसरी गोष्ट कमाईची. धंदा छोटा असला तरी रोजची विक्री खात्यात दिसू द्या, यूपीआयने पैसे घ्या, उद्यम नोंदणी करा. उत्पन्न करपात्र नसले तरी विवरणपत्र भरता येते, आणि दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे हाच बँकेच्या दृष्टीने तुमचा पगार असतो. कोकणातल्या घरांना तर हे विशेष सांगायला हवे. कुवेत, दुबई, सौदीत राबणाऱ्या मुलाने हुंडीने पाठवलेला पैसा घरात येतो, पण हिशेबात येत नाही. तोच पैसा एनआरई खात्यातून आला तर उत्पन्नाचा पुरावा बनतो आणि घराची रक्कम भरायलाही कायदेशीर ठरतो.

तिसरी गोष्ट पतइतिहासाची. आपल्याकडे अनेकांनी व्याज नको म्हणून आयुष्यात कधी कर्जच घेतलेले नसते. अशा माणसाचा सिबिल स्कोअर शून्य किंवा उणे एक दिसतो आणि शाखेतला कर्मचारी ‘स्कोअर नाही’ म्हणून परत पाठवतो. पण केवळ कर्जाचा इतिहास नाही या कारणाने पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले आहे. २०२५ मध्ये सरकारने संसदेतही ते स्पष्ट केले. ही गोष्ट माहीत असू द्या आणि गरज पडली तर सांगा.

म्हाडाच्या सोडतीतही कागद आधी आणि नशीब नंतर अशीच रचना झाली आहे. २०२३ पासून नोंदणी करतानाच अधिवास आणि उत्पन्नाचे पुरावे अपलोड करावे लागतात. मुंबई महानगर प्रदेशात कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ६ लाखांपर्यंत असेल तर अत्यल्प, ९ लाखांपर्यंत अल्प आणि १२ लाखांपर्यंत मध्यम गट धरला जातो. पती-पत्नी दोघांचे उत्पन्न एकत्र मोजतात. जाहिरात आली की धावपळ करण्यापेक्षा नोंदणी आजच करून ठेवावी.

स्वस्त घर कधी महाग पडते?

पहिली रक्कम जमत नाही म्हणून कितीतरी कुटुंबे दुसरा रस्ता धरतात. ‘बँक नको, कागद नको, बिल्डरला हप्त्याने द्या, नोटरी करून देतो.’ किंमतही निम्मी. पण अशा इमारतींचे पुढे काय होते ते आपण पाहिले आहे. ४ एप्रिल २०१३ ला मुंब्र्याजवळ शिळफाट्याच्या लकी कंपाउंडमध्ये बांधकाम सुरू असलेली बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ जीव गेले. सप्टेंबर २०२० मध्ये भिवंडीत जिलानी बिल्डिंग रात्री झोपेत असलेल्या माणसांवर कोसळली.

आणि फक्त ‘रेरा नंबर आहे’ यावरही विसंबू नये. डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारतींनी बनावट परवानग्यांवर महारेराची नोंदणी मिळवली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचे आदेश दिले. तिथे कर्ज काढून घर घेतलेली कुटुंबेही होती.

म्हणून नोटरीवरचे घर हे घर नाही, तो फक्त ताबा आहे. स्थावर मालमत्तेचा मालकी हक्क नोंदणीकृत खरेदीखतानेच मिळतो. बांधकाम परवानगी महापालिकेत जाऊन पडताळा, जागेचा सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड पाहा, वकिलाकडून ३० वर्षांचा शोध अहवाल घ्या. ५-१० हजारांचा हा खर्च टाळून ३० लाख धोक्यात घालू नका. रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करार करण्याआधी बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. आणि घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेण्याला आयकर कायद्याची मनाई आहे. ‘थोडे कॅश द्या’ म्हणणारा तुमच्या हातातला पुरावाच काढून घेत असतो.

मालेगाव, छत्रपती संभाजीनगर, सोलापूर अशा शहरांत गुंठेवारीच्या प्लॉटवर आपली हजारो घरे आहेत. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ चा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामे त्यात आली. ज्यांनी अजून फाइल केली नाही त्यांनी महापालिकेत चौकशी करावी. कारण जागा नियमित झाली तरच त्यावर बँक कर्ज देते आणि तरच सरकारी अनुदानाचा पुढचा रस्ता खुला होतो.

व्याजाचा प्रश्न

आता तो मुद्दा, ज्याच्याबद्दल बँकेत कोणी बोलत नाही पण घरात सगळे बोलतात. गृहकर्जावर व्याज आहे आणि सूद हराम आहे, मग करायचे काय? इथे फतवा देणे आमचे काम नाही. उलेमांची मते यात एकसारखी नाहीत. राहत्या घराच्या निकडीचा काही जण वेगळा विचार करतात, काही जण अजिबात सूट देत नाहीत. ज्यांच्यावर तुमचा भरवसा आहे त्यांना आपली पूर्ण परिस्थिती सांगून विचारा. पण भारतात पर्याय का नाही, हे आपण समजून घ्यायला हवे.

ब्रिटनमध्ये वित्तसंस्था घर विकत घेते आणि ग्राहक भाडे व हिस्सा देत देत ते आपल्या नावावर करून घेतो. त्यात घर दोनदा विकले जाते, म्हणून मुद्रांक शुल्क दोनदा लागायचे. २००३ मध्ये तिथल्या सरकारने कायदा बदलून हा दुहेरी बोजा काढला आणि ही पद्धत चालू शकली. आपल्याकडे १९४९ चा बँकिंग नियमन कायदा बँकांना वस्तूंची खरेदी-विक्री करू देत नाही आणि स्वतःच्या वापराव्यतिरिक्तची स्थावर मालमत्ता जास्त काळ ठेवू देत नाही. त्यात मुद्रांक शुल्क दोनदा. रघुराम राजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००८ मध्ये बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती. पण २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने हा प्रस्ताव पुढे न नेण्याचे ठरवले. तेव्हा ‘इस्लामिक होम लोन’ असा बोर्ड लावून ठेवी गोळा करणारा कोणी भेटला तर आधी त्याची नोंदणी तपासा. ‘हलाल नफा’ या शब्दावर भरवसा ठेवून आपल्या लोकांनी आयुष्यभराची कमाई घालवल्याची उदाहरणे कमी नाहीत.

तरीही व्याज टाळू पाहणाऱ्यांना काही रस्ते आहेत आणि ते फारसे सांगितले जात नाहीत. पहिला, आवास योजनेतला स्वतःच्या जागेवर घर बांधण्याचा. शहरात तुमच्या नावावर जागा आहे, वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत आहे, तर ४५ चौरस मीटरपर्यंतच्या घराला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे किमान एक लाख मिळतात. हे कर्ज नाही, अनुदान आहे. बांधकाम जसे पुढे जाईल तसे टप्प्याटप्प्याने ते मिळते. मालेगाव-भिवंडीतल्या कारागिरांसाठी आम्हाला हीच वाट सर्वांत जवळची वाटते. दुसरा, भागीदारी प्रकल्पातील किंवा म्हाडाचे छोटे घर, ज्यात किंमतच कमी असल्याने कर्जाची गरज घटते. तिसरा, नोकरदारांच्या पीएफचा. घरासाठी पीएफमधून रक्कम काढता येते आणि ती परत भरावी लागत नाही.

आणि ज्यांनी कर्ज घेतलेच आहे त्यांच्यासाठी: बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतीआधी परतफेडीचा दंड लागत नाही. हाती जादा पैसा आला की मुद्दलात भरा, व्याजाचे ओझे तेवढे कमी होते. फक्त अनुदानाची पाच वर्षे चालू असतील तर निम्म्या मुद्दलाची ती अट लक्षात ठेवा. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये रेपो दर फेब्रुवारी ते जून या काळात साडेसहा टक्क्यांवरून साडेपाचवर आणला. तुमच्या कर्जाचा दर त्यानुसार उतरला का, हे बँकेला विचारा. न विचारणाऱ्याचे जुनेच दर चालू राहतात असे पुष्कळदा दिसते, विशेषतः गृहवित्त कंपन्यांत.

पहिली रक्कम: जमातीला करता येण्यासारखे काम

सरकार पहिल्या रकमेसाठी काही देत नाही, बँक देत नाही. मग ती येते कुठून? भिशीतून, अम्मीच्या दागिन्यांतून, भावाच्या उसनवारीतून. नाहीच जमले तर पर्सनल लोन किंवा मोबाइल ॲपवरच्या कर्जातून. हा शेवटचा मार्ग मात्र टाळाच. घराचा हप्ता आणि वरून या महागड्या कर्जाचा हप्ता, असे दोन ओझे घेतलेले कुटुंब पहिल्या आजारपणातच कोलमडते. बायकोचे दागिने मोडण्याआधीही एक आठवण ठेवावी. मेहर आणि स्त्रीधन तिचे आहे. तिने राजीखुशीने दिले तर घराच्या कागदावर तिचे नाव असणे हे न्यायाचेच आहे.

खरी मदत होऊ शकते ती जमातीकडून. आपल्या गावोगावी बैतुलमाल आहेत, जमातीच्या संस्था आहेत, काही शहरांत बिनव्याजी पतसंस्थाही आहेत. त्यांचा पैसा मुख्यतः आजारपण, शिक्षण आणि लग्न यांवर जातो. जकातीचे हकदार ठरलेले आहेत, त्या पैशाला हात लावण्याची सूचना आम्ही करत नाही. पण लिल्लाह आणि देणग्यांमधून घरासाठी एक वेगळा कर्ज-ए-हसना निधी का असू नये? दीड-दोन लाखांपर्यंतची रक्कम, मुद्रांक शुल्क आणि नोंदणीपुरतीच, तीन वर्षांत परतफेड, दोन जामीनदार. अट एकच: घर कायदेशीर असावे आणि कागदावर घरातल्या स्त्रीचे नाव असावे. वर्षाला दहा कुटुंबांना मदत झाली तरी परत आलेल्या पैशातून पुढच्या दहांचे काम होते. शिवाय संस्थेचा वकील एकदा कागद तपासणार असेल तर अर्ध्या फसवणुकी तिथेच थांबतील.

सरकारकडूनही मागणी नेमकी हवी. ‘अनुदान वाढवा’ एवढे पुरेसे नाही. अनुदानाचा निदान पहिला हप्ता घराच्या नोंदणीच्या वेळीच मिळावा. अत्यल्प उत्पन्न गटाच्या पहिल्या घराला मुद्रांक शुल्कात सवलत मिळावी. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाचा भर आज स्वयंरोजगार आणि शिक्षणावर आहे, त्यात पहिल्या घरासाठीच्या रकमेचाही विचार व्हावा. निवडणुकीत मते मागायला येणाऱ्यांपुढे या मागण्या लेखी ठेवता येतील.

तोवर प्रत्येक घराने करायचे काम साधे आहे. घर तीन वर्षांनी घ्यायचे असेल तर तयारी आज सुरू करा. नावे एकसारखी करा, विवरणपत्र भरा, भिशीचा पैसाही खात्यातून जाऊ द्या, घरासाठी वेगळे खाते काढून दर महिन्याला भाड्याच्या निम्मी तरी रक्कम त्यात टाका. तीन वर्षांनी त्या खात्यात रक्कमही असेल आणि ‘हे कुटुंब नियमित पैसे भरू शकते’ याचा पुरावाही. कुरआनातली सर्वांत मोठी आयत कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. लिहिण्याची ती सवय घराच्या बाबतीतही लावून घेऊ या.